चार बोटं

नळ स्टॉपच्या टपरीवरून उचलला त्याला, जयवंताला.
पोट मडक्याचं, मान नाहीच,
मिशी ब्रशच्या एका फटक्यात.
समोरून, पाऊण, बाजूने, पाठमोरा.
पाठ मात्र अंदाजानं.
गिऱ्हाइकाला तो पाठ दाखवत नाही.

बोटं चारच ठेव, मिथिला म्हणाली,
सेकंदाला चोवीस चित्रं,
हाताचं एक बोट गाळलं
की आख्खा आठवडा वाचतो.
मी गाळलं. दोन्ही हातांचं.
बरं दिसत होतं, खरं तर.

रात्री कागद त्याला दाखवला.
पातेलं खाली ठेवून
ओठ हलवत मोजत गेला.
मग डावा हात कागदाशेजारी धरला,
भोसरीच्या प्रेसखाली करंगळी गेलेला.

"हा बरोबर काढलास," म्हणाला.
"उजव्याचं का रे कापलंस?"