खाड्याची वही

विश्रामबागेत माझी खानावळ. चौदा ताटं, वीस डबे.
चौदांतला एक सन्मती मगदूम, समडोळीचा,
इंजिनिअरिंगला.
पहिले दोन महिने मी त्याला नावंच ठेवली.
दुपारी चतकोर मोडायचा, उरलेली भाकरी
ताटाखाली सरकवायचा.
मी म्हणायची, माझ्या हाताला चव न्हाई होय रं?
पोरं हसायची. तोही हसायचा.

मग एका रविवारी मोरीपाशी आला,
मी कढई घासत होते.
मावशी, मी गोळी घेतो. लक्षाची.
मिरजेच्या डॉक्टरांनी दिलीया.
तिच्यानं दुपारची भूकच लागत न्हाई.
उतरली की सगळी भूक एकदम येती,
अन् तवर दिवस मावळलेला असतो.

दिवस मावळल्यावर त्याच्या घरात कुणी खात नाही.
आजा नाही, बाप नाही.

लक्षाची म्हंजे कसली रं?
गणपतीत चार मंडळं एका चौकात आली की कसं हुतं, मावशी?
माझ्या डोक्यात रोज तसं.
गोळी कुणाचा स्पीकर बंद करत न्हाई,
नुसती रांग लावती.

त्याच्या आईचा फोन आला.
कुणाला सांगू नका हं, डोक्याची गोळी म्हणतील,
उद्या लग्नाला अडचण.
मी म्हटलं, माझी बीपीची हाय,
तिला कशाची म्हणायचं?
ती गप्प झाली. मग म्हणाली, त्याला दोडका आवडतो.

तेव्हापासून साडेसातला पहिला तवा त्याचा.
दोन भाकऱ्या, बिनकांद्याची भाजी, वाटीभर दही,
मग गोळी.
संध्याकाळी गॅस सातला पेटायचा,
आता त्याच्यापुरता साडेपाचला.
गॅस जास्त जातो. जाऊ दे.

नोव्हेंबरात एम-थ्रीचा पेपर.
पोरं त्याच्या मागं लागली: एकच दे की, रात्र काढायचीय.
पेन मागावं तसं.
दोन गोळ्या गेल्या. दिल्या का चोरल्या, तो बोलला नाही.
मेडिकलवाला चिठ्ठी बघून, मोजून देतो,
महिन्याचे शेवटचे दोन दिवस कोरडे.
त्या दोन दिवसांत तो माझी चप्पल घालून कॉलेजला गेला,
अन् हॉलतिकीट सापडलं
माझ्या फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्यामागं.

रात्री आमटी वाढता वाढता मी म्हटलं,
ज्याला गोळी पायजे त्यानं माझी घ्या,
माझ्या मापानं दिलेली हाय, तुमच्या न्हाई.
पेपरात भोवळ आली तर मला हाक मारू नका.
कुणी हसलं नाही.
कोपऱ्यातला उरुणकर मान खाली घालून
रिकाम्या वाटीतलं ताक पीत राहिला.

गोळ्या आता माझ्या कपाटात, कुलपात,
तुरीच्या डाळीच्या डब्याशेजारी.
मीच काढून देते. त्यानंच सांगितलं तसं,
मी काही डॉक्टरीण नाही.
पास झाला का, विचारू नका, निकाल लागायचाय.

खाड्याच्या वहीत मी फक्त न जेवणाऱ्यांची नावं लिहायची.
काल लिहिलं:
दूध दोन लिटर.
शेंडगे, खाडा.
उरुणकर, खाडा, गावी.
अन् त्याखाली, कारण नसताना,
मगदूम, जेवला.