होस्टनेम

ग्रिम्सबीत पहाटे चारला कोल्ड स्टोअरचं दार
माझ्यामागे धापा टाकत लागतं.
घरी येते, चहा टाकते, बोटांत जीव येईतो थांबते,
मग फ्रीमन स्ट्रीटवरच्या चॅरिटी शॉपमधला
चाळीस पौंडांचा लॅपटॉप उघडते.
बिजागरीला चिकटपट्टी मीच लावलीय.

सहा आठवडे झाले, ठरत नाही.
उबुंटू, मिंट, फेडोरा, आर्च, डेबियन:
पाच पेन ड्राइव्ह बरणीत, तिरफळांसारखे.
स्थापना केली, पुसली. केली, पुसली.
गणपती तरी वर्षातून एकदाच बसतो.

डिस्ट्रिब्यूशन म्हणजे आपल्याकडे वितरण.
वितरण म्हटलं की मला आठवतं वीजबिल
आणि हर्णैला ऐन तिन्हीसांजेला गेलेली लाईट.

भाऊ पुण्याहून म्हणतो, ताई, आर्च घे,
शिकायचं तर हातानेच सगळं जोडायचं.
त्याच्या ऑफिसातली मनवा म्हणते, फेडोरा, डोळे मिटून.
वरच्या मजल्यावरचा पोलिश पोरगा म्हणतो, मिंट,
त्याच्या आजोबांनासुद्धा जमलं.
जो तो आपल्याच टोपलीतला ताजा सांगतो.

आई लिलावात खवल्यांकडे बघायची नाही.
अंगठ्याने कल्ला उचलायची.
लाल असला तर बोली,
नसला तर पुढची टोपली, शब्द न बोलता.
पण ह्यांचा कल्ला कुठे असतो?
मला दिसतात ते नुसते खवले:
जांभळी पार्श्वभूमी, गोल कोपऱ्यांच्या खिडक्या,
मिटताना विरघळणारे मेनू.

फेब्रुवारीत एका रात्री वीज गेली.
अंधार, दीडशे टन हॅडॉक,
आणि जनरेटरचा पहिला खोकला.
फळीवरचा तो मळकट डबा, तापमान लिहून ठेवणारा,
सहा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होता, त्या रात्री दिसला.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर चढल्या,
थांबल्या.
डेबियन, त्याने सांगितलं, आणि नाव विचारलं.
मॉनिटरवर कॉलिनच्या मार्करची अक्षरं:
ह्याला हात लावू नका.
कुणी लावलाही नव्हता.
तो पुन्हा लिहू लागला,
उणे एकवीस, उणे एकवीस, उणे वीस,
उणे एकवीस.

कॉलिनला विचारलं, हेच का निवडलंत?
मला वाटलं, आता तासभर ऐकायला मिळेल.
त्याने सँडविचचा घास संपवला.
म्हणाला, त्या दिवशी खिशात तीच सीडी होती.

घरी येऊन बरणीतला तो एक काढला.
बाकीच्या चारांत आता फोटो आहेत.
खिडक्या, आयकॉन, काही घेतलं नाही,
नुसता काळा पडदा.
यंत्राचं नाव काय, त्याने विचारलं.
मऊ, अंगात हाड असून नसल्यासारखा,
म्हणून बोंबील.

रविवारी परवानग्या बदलताना
चुकून एक जागा मोकळी सुटली
आणि आज्ञा थेट मुळापर्यंत गेली.
सगळी दारं सगळ्यांना बंद, मलाही.
पुन्हा बसवला. मग आणखी एकदा.
पण तोच.
निवडायचं संपल्यावर रात्री किती मोठ्या झाल्या!

आता जेवणाच्या सुट्टीत, गोठलेल्या बोटांनी,
मोबाईलवरून मी घरच्या यंत्रात शिरते.
आई ह्याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणेल.
आई, इथे त्याला पगार मिळतो.
किती वेळ जागा आहेस, मी विचारते.
अकरा दिवस, चार तास, बोंबील सांगतो,
स्वयंपाकघरात, फ्रीजवरून.

कॉलिन सप्टेंबरात निवृत्त होतोय.
तो मार्कर कुठल्या खणात ठेवतो
ते मी बघून ठेवलंय.