नग अठरा

सेन्सर कस्टममध्ये अडकला, म्हणून सकाळपासून
वाळूजची ती प्रेस नुसती उभी.
हेन्रिकनं चारदा घड्याळ पाहिलं. बेकनं एकदाच.
गफूरभाई म्हणाले, "मॅडम, बसून काय करता,
यांना दौलताबाद तरी दाखवून आणू."

अंधारीत गाईडनं टेंभा आडोशाला नेला.
वटवाघळांचा वास. कुणीतरी माझी बाही धरली.
कोण, ते मी विचारलं नाही,
त्यानंही सांगितलं नाही.

वर तोफेवर हेन्रिकनं बोटानं टकटक केली,
आमच्या स्टोअरमध्ये कास्टिंग तपासतो तशी.
"तुम्ही इथं नेहमी येता?"
मी पंधरा किलोमीटरवर राहते.
सातवीच्या सहलीनंतर आज आलेली.
म्हटलं, "हो. नेहमी."

खाली पायथ्याशी पाटीत सीताफळं.
बेकचा शर्ट, हनुवटी, सगळं चिकट.
बाई म्हणाली, "बी गिळू नको रे बाबा,
पोटात झाड येतंय."
मी इंग्रजीत सांगितलं. तो हसला नाही.
एकेक बी काढून टिशूत ठेवत गेला.

मंगळवारी सेन्सर आला.
बुधवारी प्रेसनं पहिला दरवाजा दाबला,
गुरुवारी पहाटेच्या विमानानं दोघं गेले.

पॅनलच्या खालच्या कप्प्यात, फ्यूजांशेजारी,
झिपची पिशवी. आत काळ्या बिया,
धुऊन, वाळवून.
लेबलवर दोन ओळी कोरियन,
खाली मार्करनं एकच इंग्रजी शब्द: स्पेअर.

गफूरभाई म्हणाले, "नोंद तर करावीच लागंल."
रजिस्टरात मी लिहिलं, नग अठरा.
'कुठल्या मशीनचे' या रकान्यात:
दौलताबाद.