शम्सा

तिचं नाव शम्सा. अर्थ कुणी म्हणे सूर्य,
दाऊद म्हणे मालकाची मेहुणी.
बसऱ्याच्या अशार कालव्यात, नदीच्या धक्क्यापासून जुन्या गावापर्यंत
दिवसाला सहा खेपा, पगार रुपयांत.
कालवा कसला, आमच्या हर्णैच्या खाडीची धाकटी बहीण:
भरतीला पोट सुटायचं, ओहोटीला चिखल उघडा पडायचा,
आणि त्या चिखलात आम्ही.

भट्टीवर दाऊद बुरोंडकर. तेलाच्या डब्याशी मी,
वय चौदा, नोंदीत अठरा.
वाफेच्या घड्याळाचा काटा तीन वर्षं ऐंशीवर अडकलेला.
हॉलिस साहेब रोज वाकून बघायचा,
रोज लिहायचा: ऐंशी, ठीक.
दाऊद कडुलिंबाची काडी दातांत धरायचा,
दुसरं टोक नळीला टेकवायचा
आणि डोळे मिटून हाडांनी ऐकायचा.
"भुकेलीय," म्हणायचा.
किंवा, "झडप काढ पोरा, लवकर!"

पहिला अपघात माझा.
पुलाखाली धुराडं बिजागरीवर मागे पाडायचं असतं, दोरी माझ्या हाती.
पुलावरून म्हशीची साय विकणारी बाई चालली होती,
डोक्यावर थाळ्यांची उतरंड.
मी थाळ्या मोजत राहिलो. सातवी मोजली
आणि धाडकन.
बाई वाचली, साय वाचली, धुराडं कालव्यात.
आठ दिवस रॉकेलचे डबे एकावर एक डागून हिंडलो.
कापडवाल्यांनी प्रत्येक ताग्यावरची काजळी मोजून बिल धाडलं.
साहेबाच्या वहीत: खलाशाचा निष्काळजीपणा.
ते खरं होतं.

मग खजुराचा हंगाम.
हस्कील मुरादने सांगितल्यापेक्षा दोनशे पेट्या जास्त चढवल्या;
रात्री ओहोटीत शम्सा धक्क्याच्या खांबावर कलली
आणि हळूच, लाजल्यासारखी, पाणी प्यायली.
सकाळी अख्खा कालवा गोड.
पोरं पोहत खात होती, म्हशी उभ्यानं.
वहीत: खलाशाचा निष्काळजीपणा.

कोळसा संपला तेव्हा झावळ्या जाळल्या.
ठिणगी उडून वरातीच्या होडीचा मांडव पेटला,
नवरदेवानं पाण्यात उडी घेतली, फेट्यासकट.
(दाऊद म्हणाला, बरं झालं, आंघोळ राहिली असणार त्याची.)
काथ्या पंख्याला गुंडाळला की तोच कोयती घेऊन खाली उतरायचा,
भर थंडीत. बुडबुडे थांबले
की मी आकडे मोजायचो. थाळ्या मोजायची सवय.

मग मुंबईहून तपासनीस आला, नवं घड्याळ बसवून गेला.
झळझळीत काच. काटा चाळीसवर.
साहेब म्हणाला, वाढव.
दाऊदनं काडी लावली. "साहेब, आत्ताच भरलीय."
साहेबानं काचेवर नख वाजवलं. वाढव.
त्यानं एक फावडं टाकलं, दुसरं टाकताना मला म्हणाला,
जरा वर जाऊन दोरी बघ.
दोरीला काही झालं नव्हतं.

उजवा हात कोपरापर्यंत.
वहीत काय लिहिलं ते मला वाचता येत नव्हतं,
पण ती अक्षरं आता ओळखीची झाली होती.

तो डेकच्या तिकिटावर बुरोंडीला परतला.
मोटारलाँची आल्या, शम्सा सुटी सुटी विकली गेली.
बॉयलरवर नवी नळी चढवून एका बागवानानं तो विटांवर मांडला,
खजुराचा पाक आटवायला.
मी बघायला गेलो. त्याला आच कळत नव्हती,
पाक कधी पातळ, कधी करपलेला.
मी काडी तोडली, सोलली, दातांत धरली.
"काय म्हणते?" त्यानं विचारलं.
"भुकेलीय."
त्यानं आणखी एक झावळी सारली.

मजुरी म्हणून पाकाचा डबा मिळाला. तो बुरोंडीला नेला.
दाऊदनं डाव्या हातानं भाकरी बुडवून खाल्ली,
बराच वेळ चघळली.
"धुरकट लागतंय," म्हणाला.
"तेल दिलं नसशील कुठंतरी."
आणि डबा स्वतःकडे ओढला.