कुर्र

बार्न्सलीत, गॅरेजमागच्या उबदार खोलीत
डोरीन ऑल्डरॉयड डब्यांना चिठ्ठ्या लावते.
बनाना. पेस्टल. क्लाउन.
माझं अक्षर बरं, म्हणून शनिवारी मी.

आई दिवेलागणीनंतर नावच घ्यायची नाही.
लांबडं म्हणायची, फार तर जनावर.
इथे बोटाएवढ्या जाडीच्या अजगराला चार नावं,
आणि त्यांचाही क्रम:
दिसतं ते आधी,
लपलेलं शेवटी.

"हा तर साधाच, तपकिरी."
"लिही, हेट पाईड," डोरीन म्हणते.
"अंगावर पांढरा ठिपका नाही,
पण रक्तात आहे. नातवंडांत निघेल.
पलीकडच्याला सहासष्ट टक्के टाक,
त्याचं नक्की नाही."

मी टाकते.
शाई वाळेपर्यंत फुंकर घालते.

घरी मुलीच्या खाऊच्या डब्यावर
मीच लिहिलंय: टेसा क्रॅब्ट्री.
केस पिंगट, डोळे बापाचे.
देवस्थळी कुठे लिहायचं,
चिठ्ठी तेवढी लांब नव्हती.

शेवटचा डबा. क्लाउन, हेट काहीतरी, डोरीन आठवतेय.
तोवर मी झाकण उचलून वाकते.
आत्या नाही इथे कुर्र करायला.
तसे सापाला कानही नसतात.
तो जीभ काढतो,
माझा श्वास चाखतो,
परत आत घेतो.