ओल्या चिंधीचा पारा

पहाटे पाच-पंचवीस. शिवडीच्या मिठागरांमागचा
अजून उद्घाटन न झालेला रस्ता.
दोरीला बांधलेले दोन तापमापी मी डोक्यावर गरगर फिरवते,
गोफण फिरवावी तशी.
नौशीर हेल्मेट काखेत घेऊन म्हणतो,
झाली सुरू हिची भानामती.

कोरडा पारा अठरा, ओल्या चिंधीचा बारा.
सहाचं अंतर, मतलई वारा.
अशी हवा या शहराला वर्षातून दहा-बारा पहाटे मिळते,
तीही उसनी.
दाट हवा. एका घोटात जास्त प्राणवायू,
म्हणून पेट्रोलही जास्त:
दोन्ही कार्ब्युरेटरना एकशेचाळीसचा जेट.
एक फेरी मारून आल्यावर ऑस्वल्ड प्लग काढून दाखवतो.
भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालाचा रंग.
त्याच्या मनगटावरच्या घड्याळात तेरा-आठ.

हे तापमापी आबांचे.
गिरणीच्या सूतखात्यात हवा ओली ठेवणं हे त्यांचं काम.
छताच्या नळ्यांतून धुकं सोडायचे,
कारण हवा कोरडी पडली की धागा तुटतो
आणि धागा तुटला की जॉबरचं तोंड सुटतं.
गिरणी गेली. पत्र्याच्या पेटीत हे राहिलं,
मलमलीच्या चिंधीसकट.
उलटा धंदा काढलास, म्हणाले होते,
मी जन्मभर जी हवा केली, नेमकी तीच तुला नको.

शर्यत साडेसातची. पाहुणे यायचेत.
आठ. हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग.
नऊ. खुर्च्यांवर पांढरे अभ्रे, हार बादलीत.
साडेदहाला ऑइलच्या जाहिरातीचं निशाण
जरा लोंबलं, विचार केल्यासारखं,
आणि दुसऱ्या बाजूला वळलं.
खारा वारा.

हवा जड झाली, कुणीतरी म्हणालं.
जड झालाय तो तुमचा सदरा.
वाफ हवेहून हलकी. ती आत येऊन बसते
आणि प्राणवायूला दाराबाहेर उभं करते.
कोरडा सत्तावीस, ओला तेवीस.
आबांच्या तक्त्यावरून बोट फिरवलं.
गाडी आहे तिथंच, भरतीच्या रेषेपासून शंभर पावलांवर,
इंजिन मात्र खंडाळ्याला पोचलंय
आणि शिदोरी अजून समुद्रकाठची बांधलेली.

एकशेपस्तीस काढ, मी म्हणाले.
आत्ता? पाहुण्यांची गाडी लागलीय.
आत्ता.
जेट तो केवढा, मसुरीच्या दाण्याएवढा. हातातून निसटला.
ऑस्वल्ड गुडघ्यांवर, चुंबक घेऊन.
वेड्या, पितळ चुंबकाला दाद देत नाही, डोळ्यांनी शोध.
सापडला चाकाखाली.
ठिणगी दोन अंश अलीकडे घेतली,
ओल्या हवेला पेटायला वेळ लागतो.

शेजारच्या निळ्या गाडीचा ट्यूनर हसत होता.
पहाटे झकास पळाली, आता कशाला हात लावा?

हिरवा दिवा.
निळ्या गाडीमागे काळा धूर, आवाज घशात अडकलेला,
खाल्लेलं पचलं नाही तसा.
आमची चौदा-एक. पुढे, तीन गाड्या लांब.
नौशीर उतरला तो तोंड पाडूनच.
पहाटेची तेरा-आठ कुठे गेली?
कुठे जाणार.
ती कुणी कागदावर घेतलीच नव्हती.

टाळ्या, भाषण. डांबराचा वास वर येऊ लागला.
चिंधी सुकून कडक झाली होती.
पाहुण्यांनी अर्धी टाकलेली पाण्याची बाटली उचलली,
तिच्यावर ओतली, सवयीने पुन्हा फिरवली.
सत्तावीस, चोवीस.
आबांना आवडली असती ही अकराची हवा.
एक धागा तुटला नसता.