लेफ्ट

हल शहर, गुरुवार, वाचनालयाचा वरचा मजला.
हीटर चालू, तरी कुणी कोट काढलेला नाही.

"आज 'लीव्ह'," विनिफ्रेडबाई म्हणतात.
"निघणं. सोडणं. मागं ठेवणं.
आणि भूतकाळात 'लेफ्ट'; त्यात उरणंही आलं."

"म्हणजे गेला तो आणि राहिलं ते,
दोघांना एकच शब्द?" एर्मियास विचारतो,
अस्माराचा, मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला.

बाईंच्या हातातला मार्कर थांबतो.
घरी दारामागं रेजची बुटांची दुसरी जोडी.
ट्रॉलर आइसलंडकडे गेला, त्याला झाली एकावन्न वर्षं.
दर ऑक्टोबरात त्या तेल लावतात.

"हो," म्हणतात, "शिवाय डावा हातसुद्धा."
वर्ग हसतो.

एर्मियास डावखुरा.
'आय लेफ्ट माय मदर'
एवढं लिहितो,
आणि अर्थासाठी
खाली एक ओळ सोडतो.